बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गांवर बागा कराव्यात का?

वाटसरू (धागालेखक)
न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरून शेवटची मालगाडी १९८० साली गेली. त्यानंतर त्या उन्नत मार्गावर गवत आणि झुडपे आपोआप माजली, खालचे जमीनमालक तो पाडण्याचा आग्रह धरत राहिले, आणि अखेर २००९ मध्ये त्याच सांगाड्यावर बाग खुली झाली. पॅरिसने तर १९६९ मध्ये बंद झालेल्या बास्तीयच्या मार्गावर हे त्याआधीच करून दाखवले होते. तिथे कमानींखाली कारागिरांची दालनेही आहेत. सांगाडा भक्कम असेल, तर तो पाडणे मला उधळपट्टी वाटते. हाय लाइनवर काँक्रीटच्या फळ्या टोकाशी निमुळत्या होत रोपांत शिरतात, त्यामुळे वाट कुठे संपली आणि वाफा कुठे सुरू झाला हे चटकन कळत नाही; वाळलेले तुरेही हिवाळाभर उभे ठेवतात.

पायरी
वाफे सुंदर आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु २००५ मध्ये त्या परिसराचे बांधकाम-नियम बदलले, बागेच्या दोन्ही अंगांना महागड्या इमारती उभ्या राहिल्या, आणि जवळच्या सार्वजनिक घरकुलांतील रहिवाशांना आपण पुरेसे सामावून घेतले नाही, हे प्रकल्पाच्या एका संस्थापकानेच पुढे कबूल केले. बाग फुकट असली, तरी तिच्या शेजारी राहणे फुकट नसते.

वाटसरू
हा दोष बागेचा नसून नियमांचा आहे. शिकागोत २०१५ मध्ये असाच मार्ग खुला झाला. भोवतालची जुनी घरे पटापट जाऊ लागल्यावर २०२१ मध्ये तिथे पाडकामावर अधिभार बसवण्यात आला.

पायरी
म्हणजे सहा वर्षांनी! तोवर घरे गेली ती गेलीच.

सांधा
दोघेही गाडीला विसरलात. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातील रॉकअवे बीच ही रेल्वेशाखा १९६२ पासून बंद आहे. एका गटाला तिथे बाग हवी आहे, तर दुसऱ्याला पुन्हा रेल्वे. अमेरिकी कायद्यात मार्ग राखून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे आज पायवाट केली तरी उद्या रूळ टाकता येतात. कागदावर ही तरतूद उत्तम आहे, पण लोकांच्या सवयीची झालेली झाडे उपटून गाडी आणण्याचे धाडस कोणता महापौर करील? जिथे प्रवाशांची खरी गरज आहे, तिथे बागेचा निर्णय आधी घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाटसरू
क्वीन्सपुरते हे मान्य. हाय लाइन मात्र मालवाहतुकीसाठी होती आणि तिचा दक्षिणेकडचा भाग केव्हाच पाडलेला होता; तिथे कोणती गाडी परत येणार होती?