गुराबेच्या मॉडेलच्या फळ्या वळत नाहीत, काय करू?

रत्नागिरीकर: किट न आणता १:४८ मापात गुराबेचं (मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाचं) मॉडेल करतोय. सागाच्या दीड मिलिमीटर पट्ट्या नाळेशी (जहाजाच्या पुढच्या टोकाशी) तटकन तुटतात.

देवगडचा सुतार: साग सोडा हो, तो खऱ्या जहाजाला. एवढ्या बारीक कामात रेषा फुटतात. शिवणीचं लाकूड घ्या. पट्टी गरम पाण्यात भिजवा, हळूहळू वाकवा, टाचण्यांनी फासळ्यांवर दाबून रात्रभर ठेवा. फेविकॉल पट्टी सुकल्यावरच लावा! ओली चिकटवलीत तर आकसून फटी पडणार. आणि नाळ गलबतासारखी करू नका. गुराबेची चोच लांब, पुढे निघालेली; त्यावरून समोर तोफा डागायचे. डोलकाठ्या दोन की तीन?

रत्नागिरीकर: तीन. शिवण वखारीत मिळेल?

देवगडचा सुतार: तुकडे मागा, फुकटातही देतात. शिडांना मांजरपाट नको, जाड दिसतं.