मदत हवी आहे: मुलं पेपरात कोरी पडतात, शनिवारी काय घेऊ?

खडूधूळ:
मोठ्या बाईंनी "ताणतणावावर काहीतरी घ्या" म्हणत शनिवारच्या दोन तासिका माझ्या गळ्यात मारल्यात. चाचणीत तिघींनी पेपर कोराच दिला, एकीला वर्गातच उलटी झाली. भाषण सुचवू नका, मुलं भाषणांना विटलीत. लवकर सांगा.

पायरीआंबा:
कितवी? मुलं किती? कुठला पेपर की सगळेच?

निवृत्त_काका:
आमच्या वेळी ताण हा शब्दच नव्हता. रोज १२ सूर्यनमस्कार. विषय संपला.

कढीपत्ता:
काका, तुमच्या वेळी नापास होऊन जे शेतावर गेले, त्यांना कोणी विचारलं होतं?

लातूरची_वारी:
माझा मुलगा लातूरला, नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा दुसरा प्रयत्न. ७२० पैकी किती पडले एवढंच घरात बोललं जातं. फोनवर तो फक्त "जेवलो" म्हणतो. मुलांना कशाला, पालकांनाच बोलवा.

खडूधूळ:
दहावी ब, ५२ मुलं, तालुक्याचं गाव. पेपर भूमितीचा. शनिवारी आमचा बाजार असतो, पालक कसले येतायत!

मधलीसुट्टी:
बेस्ट ऑफ फाइव्ह आहे की, सहातल्या चांगल्या पाच विषयांचेच गुण धरतात. एवढं काय.

कढीपत्ता:
ते टक्केवारीसाठी हो. इथे कोणी विचारलंय का? बाई, बोर्डाचा पेपर दहा मिनिटं आधी मिळतो तेव्हा शांतपणे वाचायला शिकवा.

पायरीआंबा:
ते २०२३ पासून बंद आहे. आता दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळतात. मुलांना हेच नीट सांगितलेलं नसतं, मग अकराला पेपर हातात पडला की धांदल.
बाई, मी असं करतो: नाव न घालता चिठ्ठी, "पेपर हातात आल्यावर मला काय होतं?" मग सांगायचं की छाती धडधडणं, पोटात ढवळणं हे घाबरल्यावर शरीर करतंच, वेड लागत नाही. चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. लगेच दहा मिनिटांचा बिनगुणांचा पेपर: आधी येणाऱ्या प्रश्नांवर खुणा, सोपं पहिलं. एका शनिवारात जमत नाही, दर आठवड्याला घ्या. फळ्यावर १४४१६ लिहा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

निवृत्त_काका:
म्हणजे प्राणायामच की!

पायरीआंबा:
बरं, प्राणायाम म्हणा.

खडूधूळ (रविवार):
झालं. बिनगुणांच्या पेपरात कोरा एकही नाही. पण चौदा चिठ्ठ्यांत भूमितीचं नावच नाही. "गुण मोठ्याने वाचतात" एवढंच. ते मीच वाचते. पुढचे पेपर घडी घालून हातात देणार.

लातूरची_वारी:
आणि उलटी झालेली ती?

खडूधूळ:
मधल्या सुट्टीत एकटीशी बोलले. चारला उठते, काही न खाता येते म्हणाली. घरी अजून कळवलेलं नाही. कसं कळवू?