म्हणे नाव भाड्याने द्या आणि घरी बसा!

रामबागवाला: "कारखाना काढू नका, ब्रँड लायसन्सवर द्या, घरी बसून रॉयल्टी खा." कालची ही पोस्ट वाचून सकाळचे पोहे घशाखाली उतरेनात. आम्ही हेच केलं होतं. वडिलांच्या चिवड्याचं नाव भोपाळच्या एका पार्टीला दिलं, एकपानी कागदावर. दोन तिमाह्या पैसे आले. मग त्यांनी शेंगदाणा तेल सोडून पामतेल धरलं. पाकिटावर नाव आमचं, त्यामुळे खवट चिवडा घेऊन लोक आमच्याच दुकानात! आईने एकेकाचे पैसे परत केले. घरी बसा म्हणे.

सांवेर_रोड: वाईट झालं भिया, पण यात लायसन्सचा काय दोष? तेल कोणतं, माल कधी तपासणार, नाव कधी काढून घेणार, यातलं काय होतं त्या एका पानावर? मी शेवेच्या मशीनचं पेटंट राजकोटच्या एका कारखान्याला दिलंय. दर मशीनमागे रॉयल्टी, शिवाय वर्षाची किमान रक्कम ठरलेली. त्यांची विक्रीची वही बघायचा हक्क माझा. माझ्या शेडमध्ये महिन्याला चार मशीन होतात. बाकी गुजरात त्यांनी सांभाळला, मला कर्ज काढावं लागलं नाही.

रामबागवाला: पेटंट २० वर्षांत संपतं, म्हणून तुम्ही बिनधास्त. नावाची नोंदणी दर १० वर्षांनी फी भरली की नातवापर्यंत चालते. ते गेलं की गेलं.

लोकमान्यनगरची_काकू: नावाचा विषय निघालाच आहे तर इंदुरात 'रतलामी शेव' लिहून कोण कोण विकतं ते बोला! जीआय, म्हणजे त्या गावच्या मालालाच ते नाव लावायचा नोंदणीकृत हक्क, आहे ना तिला? रतलामवाल्यांनी सरळ लायसन्स विकावं की.

सुदामानगर_वकील: काकू, जीआय लायसन्सवर देताच येत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २४. विकणं नाही, गहाण टाकणंही नाही. तिथल्या उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची.

काकू: म्हणजे इथल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत कुणी लवंग घालून तशीच शेव केली तर तो चोर?

माळवा_मुक्काम: शेव करा ना, रतलामी कशाला म्हणता? ती चव तिथल्या पाण्याची.

काकू: पाण्याचं मला सांगू नका, माझं माहेर रतलाम आहे! लवंग ताजी कुटली की इथेही होते.

माळवा_मुक्काम: मग 'माहेरची शेव' लिहा डब्यावर.

सांवेर_रोड: अहो, धागा लायसन्सचा आहे.

काकू: मी तेच बोलतेय. नाव कोणाचं?

सुदामानगर_वकील: रामबागवाले, पाकिटावरचं चित्रही त्यांना दिलं होतं का? कागदावर मुदत नसेल तर कॉपीराइटचा कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर अख्खा भारत.

रामबागवाला: चित्र माझ्या काकांनी काढलेलं. मुदत कुठली, तारीखसुद्धा नव्हती. बरं, मान्य, कागद भिकार होता. पण तो कागद एका वकिलानेच करून दिला होता, साहेब.

सुदामानगर_वकील: यावर काय बोलू.

सांवेर_रोड: मीही कबूल करतो, घरी बसलेलो नाही. दर तिमाहीला राजकोटला जाऊन वही बघतो. त्याशिवाय आकडा जुळत नाही.

काकू: उद्या शेव पाडतेय. माळवा, या खायला. डब्यावर काही लिहिणार नाही.