केळीच्या चेंबरवर रास्पबेरी पाय ४: सेटिंग लागू होत नाही, वीज गेली की घड्याळ मागे

सावदा_चेंबर:
नमस्कार मंडळी. रायपनिंग चेंबरच्या बाहेरच्या भिंतीवर पत्र्याच्या डब्यात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (२ जीबी) आहे. ऑपरेटिंग सिस्टिम बुकवर्म लाइट, ३२ जीबी कार्ड. आत डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचे तीन प्रोब, एकूण केबल साधारण १५ मीटर. तापमान १६ ते १८ अंशांत राहावं म्हणून रिलेवरून कूलिंग चालू-बंद करायचं आहे.
बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग डॉट टीएक्सटीत वन-वायरची (एकाच डेटा वायरवरून हे प्रोब वाचण्याची) ओळ टाकली, पण प्रोब दिसत नाहीत. वीज जाऊन आली की घड्याळ मागे पडतं, सगळ्या नोंदींच्या वेळा चुकतात. कार्डही खराब होतंय. व्होल्टेज-वेगाची तक्रार सांगणाऱ्या व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड कमांडचं उत्तर ०एक्स५०००५ येतं. सप्लाय मोबाइलच्या चार्जरचा आहे. कुठून सुरुवात करू?

भुसावळ_इलेक्ट्रिकल:
भाऊ, सप्लायपासून. ०एक्स५०००५ मधला शेवटचा ५ म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि प्रोसेसरचा वेगही दाबला गेलाय. सुरुवातीचा ५ म्हणजे पाय सुरू झाल्यापासून हे दोन्ही एकदा तरी झालंय. पाय ४ ला साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली ही तक्रार येते. चार्जरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं असलं तरी बारीक, लांब केबलमध्ये अर्धा व्होल्ट सहज पडतो. मल्टिमीटर पिन २ आणि पिन ६ वर लावा, रिले आणि पेन ड्राइव्ह चालू ठेवून मोजा. ४.८ च्या खाली दिसलं तर केबलसकट सप्लाय बदला. पायसाठीचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा, वायर जोडूनच येणारा सप्लाय घ्या. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं की कार्डची फाइल सिस्टिम बिघडते, त्यामुळे तुमच्या कार्डाचं मूळही बहुतेक इथेच आहे.
इन्व्हर्टरवर असाल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात पाय रीबूट होतो.
डबा पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर आजच हलवा. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असताना उन्हातल्या बंद डब्यात ५५ च्या वर जातं, आणि चिप ८० अंशांना वेग कमी करायला लागते. पंखा लावलात तर रास्पी-कॉन्फिग या सेटिंग मेनूच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये फॅन आहे, तिथे ६० अंश द्या. साधा दोन वायरचा पंखा पायच्या जीपीआयओ (सिग्नलच्या) पिनवर थेट कधीच लावू नका, पिन जळेल. मधे ट्रान्झिस्टर हवाच.

तापीकाठ:
ओळ चुकीच्या फाइलमध्ये गेली आहे. बुकवर्मपासून खरी फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. जुन्या जागच्या फाइलमध्ये फक्त ‘ही बदलू नका’ असा मजकूर असतो, ती वाचलीच जात नाही. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ याआधीचे आहेत, म्हणून हा घोळ फार लोकांचा होतो. स्थिर आयपीचंही तसंच: डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये लिहून उपयोग नाही, आता नेटवर्क मॅनेजर आहे. एनएमटीयूआय हा त्याचा मेनू उघडून तिथे द्या.
खऱ्या फाइलच्या तळाशी, चौकोनी कंसातल्या ‘ऑल’ या शीर्षकाखाली लिहा: डीटीओव्हरले=डब्ल्यू१-जीपीआयओ. वर ‘सीएम४’सारख्या शीर्षकाखाली लिहिलेली ओळ फक्त त्या बोर्डाला लागते. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा नको.
डेटा वायर जीपीआयओ ४, म्हणजे पिन ७. प्रोबला ३.३ व्होल्ट पिन १ वरून. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. १५ मीटरला वाचन अडखळलं तर २.२ पर्यंत उतरा. तिन्ही प्रोब एकाच लांब केबलवर ओळीने जोडा. एका जागेवरून तीन फाटे काढले की सिग्नल परत फिरतो आणि कधी दोनच प्रोब दिसतात. रीबूटनंतर वन-वायरच्या डिव्हाइस फोल्डरमध्ये २८ ने सुरू होणारी तीन नावं दिसली की काम झालं.

सावदा_चेंबर:
सप्लाय बदलला, आता ०एक्स० येतं. तिन्ही प्रोबही दिसतात. पण मधूनच एखादा प्रोब एकदम ८५ अंश सांगतो. दुसरं, कार्ड वाचावं म्हणून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करू का?

तापीकाठ:
८५ हे तापमान नाही. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्या मिळाल्या त्याच्या मेमरीत हाच आकडा असतो. मोजमाप पूर्ण व्हायच्या आत (१२ बिटला ७५० मिलिसेकंद) त्याची वीज क्षणभर तुटली की तोच परत येतो. म्हणजे बहुतेक ३.३ व्होल्टचा सांधा ढिला आहे. चेंबरमधली दमट हवा उघडे सांधे खाते. सोल्डर करून हीट श्रिंक चढवा.
तुमच्या कामात हे हलक्यात घेऊ नका. स्क्रिप्टने ८५ खरं धरलं तर कूलिंग चालूच राहील, आणि माल १३ अंशांच्या खाली गेला की साल काळवंडते. तो घड पुन्हा पिवळा धमक होत नाही. स्क्रिप्टमध्ये प्रोबच्या फाइलची पहिली ओळ ‘येस’ने संपते का ते बघा, ८५ आला की टाकून द्या, आणि तीनपैकी मधला आकडा धरा.

जामनेर_लिनक्स:
ओव्हरले जरूर करा, पण सगळ्यात शेवटी. चालू केल्यावर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, बदल रॅममध्ये राहतात आणि रीबूटला जातात. त्यामुळे घड्याळाचा प्रश्न उलट वाढतो: पाय ४ मध्ये आरटीसी (वीज नसताना सेलवर चालणारं घड्याळ) नाही, तो शेवटची जपलेली वेळ घेऊन उठतो, आणि ओव्हरलेमध्ये ती वेळ जपलीच जात नाही. इंटरनेट येईपर्यंत तो ओव्हरले केला त्या तारखेवर राहील.
म्हणून आधी डीएस३२३१ हे आरटीसी मॉड्यूल लावा. व्हीसीसी पिन १, एसडीए पिन ३, एससीएल पिन ५, ग्राउंड पिन ९. ५ व्होल्ट देऊ नका, मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर तेच ५ व्होल्ट पायच्या पिनांवर ढकलतात. पिन १ प्रोबला गेली असेल तर पिन १७ वरही ३.३ आहे. बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ घालणार असाल तर सेलजवळचा २०१ छापलेला रेझिस्टर काढून टाका.
रास्पी-कॉन्फिगच्या इंटरफेस ऑप्शन्समधून आयटूसी (मॉड्यूल ज्या दोन वायरांवरून बोलतं ती जोडणी) चालू करा. आयटूसी-डिटेक्ट कमांडमध्ये मॉड्यूलचा पत्ता ६८ दिसला पाहिजे. मग त्याच खऱ्या फाइलमध्ये डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१ लिहून रीबूट करा. आता ६८ च्या जागी यूयू दिसेल, म्हणजे ड्रायव्हरने ताबा घेतला. शेवटची वेळ कार्डावर जपणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक पॅकेज असेल तर काढा. टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा, इंटरनेटवरून वेळ बरोबर झाली की ती आरटीसीत लिहायला एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू चालवा. आरटीसीमध्ये यूटीसीच राहू द्या. नोंदी साडेपाच तास सरकलेल्या दिसल्या तर टाइमझोन तपासा.
नोंदींसाठी वेगळा पेन ड्राइव्ह, एफस्टॅब या ड्राइव्ह जोडण्याच्या यादीत यूयूआयडीने (ड्राइव्हच्या ओळख क्रमांकाने) आणि नोफेलसह. नोफेल नसेल तर पेन ड्राइव्ह निघालेला असताना पाय बूटच होणार नाही. आणि बुकवर्ममध्ये ओव्हरले पेन ड्राइव्हवरही चढतो! सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीत ओव्हरलेरूट=टीएमपीएफएस आहे, त्याला चिकटून :रिकर्स=० जोडा. ओव्हरले चालू करताना रास्पी-कॉन्फिग विचारतं, त्या ‘बूट विभाग राइट-प्रोटेक्ट करू का’ या प्रश्नाला तोवर ‘नाही’च म्हणा. पेन ड्राइव्हवर एक फाइल लिहा, रीबूट करा, ती जागेवर असली तरच पुढे जा.

भुसावळ_इलेक्ट्रिकल:
एक राहिलं, रिले. बरेच रिले बोर्ड लो सिग्नलवर चालू होतात, आणि जीपीआयओ ९ ते २७ बूट होताना खाली ओढलेले असतात. म्हणजे वीज आली की स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच कॉम्प्रेसर लागू शकतो. रिले १७ वर असेल तर कॉन्फिगमध्ये जीपीआयओ=१७=ओपी,डीएच लिहा, म्हणजे स्क्रिप्टची वाट न बघता, वीज आल्यावर काही सेकंदांत पिन हाय होईल. आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किमान ३ मिनिटं पुन्हा लावू नका. हा थांबा रीबूटनंतरही पाळा, नाहीतर आत दाब असताना मोटर उचलत नाही आणि ओव्हरलोड उडतो.