अमेरिकेत कायरोप्रॅक्टरचं लायसन्स: बीपीटीनंतर नेमकं काय काय करावं लागतं?

प्रश्न:
बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालं आहे, आता अमेरिकेत डी.सी. (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणका आणि सांध्यांवर हाताने उपचार करण्याची पदवी) करायचा विचार आहे. बीपीटीमुळे एखादं वर्ष वाचतं का? आणि एनबीसीईच्या (कायरोप्रॅक्टिकच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या) परीक्षेचे चारही भाग पास झाले की लायसन्स आपोआप मिळतं का? कॉलेजला पैसे भरण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

उत्तर १:
वर्ष वाचेल या आशेवर राहू नका. बीपीटीचा उपयोग मुख्यतः प्रवेशासाठी. नेहमीची अट म्हणजे पदवीपातळीचे ९० सेमिस्टर क्रेडिट, त्यातले २४ जीवशास्त्र-रसायन-भौतिक अशा विषयांचे आणि त्यातल्या निम्म्यांना लॅब हवी. जीपीए ४ पैकी ३.०. भारतीय गुणपत्रिकांचं क्रेडिटमध्ये मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि घोडं अडतं ते बहुतेक इथेच: लॅबचे तास वेगळे दाखवलेले नसतात. विषयवार अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाकडून आत्ताच काढून ठेवा.

पुढचा डी.सी. कोर्स किमान ४,२०० तासांचा. काही कॉलेजांत तो दहा ट्रायमेस्टरचा (चार-चार महिन्यांच्या सत्रांचा) असतो, म्हणजे सुट्टी न घेता साधारण सव्वातीन वर्षं. कॉलेजला सीसीईची (कायरोप्रॅक्टिक कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे ना, एवढं आधी बघा. ती नसेल तर बाकी सगळं पाण्यात.

उत्तर २:
परीक्षांबद्दल. पहिल्या भागात सहा विषय: जनरल अ‍ॅनाटॉमी, स्पायनल अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी. पास व्हायला ३७५ स्कोअर लागतो. हा स्केल्ड स्कोअर आहे, टक्केवारी नव्हे. प्रत्येक विषय स्वतंत्र धरला जातो, राहिलेला तेवढाच पुन्हा द्यायचा. बीपीटीवाल्यांना अ‍ॅनाटॉमी सोपी जाते. केमिस्ट्री आणि मायक्रो मात्र मागे पडलेली असते, तिथे वेळ द्या. दुसरा भाग निदान, इमेजिंग आणि कायरोप्रॅक्टिकची तत्त्वं व प्रॅक्टिस यांवर, तिसरा केसवर आधारित.

चौथा भाग प्रात्यक्षिकाचा: एक्स-रे वाचन, तंत्र आणि केस मॅनेजमेंट. तंत्राच्या स्टेशनला झटका द्यायचा नसतो, फक्त मांडणी दाखवायची असते. समजा, उजवा इलियम (कमरेचं रुंद हाड) मागे-खाली गेलेला (पीआय) आहे असं सांगितलं. रुग्णाला कुशीवर घ्यायचं, उजवी बाजू वर. हाताचं पिसिफॉर्म (करंगळीच्या बाजूचं मनगटाचं छोटं हाड) उजव्या पीएसआयएसवर (इलियमच्या मागच्या टोकावर). दाबाची दिशा मागून पुढे आणि खालून वर. इथे चुका ठरलेल्या असतात: घाईत डावी बाजू वर घेतली जाते, किंवा हाड ज्या दिशेला सरकलंय त्याच दिशेला जोर दाखवला जातो. हात बरोबर जागी असला तरी दिशा उलटी म्हणजे गुण गेले. म्हणून लिस्टिंग (हाड कुठल्या बाजूचं आणि कुठे सरकलंय याची ‘पीआय’सारखी नोंद) वाचल्यावर आधी बाजू आणि दिशा मनात पक्की करायची, मगच रुग्णाला हात लावायचा.

फिजिओथेरपीची परीक्षा या चार भागांत धरलेली नाही. ती वेगळी आणि बीपीटी असलं तरी चुकत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना ती लागतेच.

उत्तर ३:
लायसन्स एनबीसीई देत नाही, राज्याचं बोर्ड देतं. अगदी सुरुवातीपासून तसंच आहे: पहिला कायदा कॅन्सासने १९१३ मध्ये केला, शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये. त्यामुळे प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या. फ्लोरिडाला डी.सी.शिवाय बॅचलर पदवीही लागते आणि ती कुठल्या कॉलेजची याबद्दल तिथला कायदा काटेकोर आहे. बीपीटी चालेल का, हे बोर्डाकडून लेखी घ्या, कॉलेजच्या प्रवेश विभागाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. बऱ्याच राज्यांत तिथल्या कायद्याची वेगळी परीक्षा असते. शिवाय बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी.

अर्ज रखडतात ते बहुधा कागदांमुळे. डी.सी.ची ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून थेट बोर्डाकडे जावी लागते, आपण स्कॅन करून पाठवलेली चालत नाही. एनबीसीईचे गुणही त्या-त्या बोर्डाला पाठवण्याची वेगळी मागणी नोंदवावी लागते. आणि नाव! पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, पदवीवर आडनाव आधी, लग्नानंतर आडनाव बदललेलं, ही आपल्याकडची नेहमीची गुंतागुंत. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलंच पाहिजे. पहिल्या भागाच्या नोंदणीपासून पासपोर्टवरचंच नाव सगळीकडे ठेवा.

प्रश्नकर्ती:
म्हणजे आधी राज्य ठरवायचं, मग कॉलेज?

उत्तर ३:
हो. दोन-तीन राज्यं नक्की करा, त्यांच्या अटींतली सगळ्यात कडक धरून चाला. लायसन्स मिळाल्यावरही सीई (सततचं व्यावसायिक शिक्षण) सुटत नाही, कॅलिफोर्नियात वर्षाला २४ तास.