मदत हवी आहे : डीव्हीडी बर्न केल्यावर फाइली गायब

लग्नाचा १ तास ५० मिनिटांचा व्हिडिओ आहे, पाल (पीएएल) टीव्ही पद्धतीचा, ७२० बाय ५७६, एकूण ३.९ जीबी. तासगावच्या पाहुण्यांकडे जुना डीव्हीडी प्लेअर, त्यामुळे पेन ड्राइव्ह चालत नाही.

डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरने तयार झालेलं व्हिडिओ_टीएस फोल्डर (डीव्हीडी-व्हिडिओच्या फाइलींचं) हार्ड डिस्कवर पूर्ण आहे : आयएफओ (काय कुठे आहे ते सांगणाऱ्या फाइली), त्यांच्या बीयूपी (राखीव प्रती) आणि १ ते ४ नंबरच्या व्हीओबी (प्रत्यक्ष चित्र-आवाजाच्या फाइली). बर्न झालेल्या डिस्कवर मात्र चौथी व्हीओबी आणि व्हीटीएस_०१_०ची बीयूपी नाही. प्लेअर 'नो डिस्क' दाखवतो. कॉम्प्युटरवर पाऊण भाग चालून, नेमकं सप्तपदीला अडकतं.

जागेचा प्रश्न नाही, डिस्कवर ४.३८ जीबी मावतात. फॅट३२ या फाइल सिस्टिमची एका फाइलला असलेली ४ जीबीची मर्यादाही आड येत नाही, कारण प्रत्येक व्हीओबी १ जीबीच्या आतच असते. बीयूपी म्हणजे आयएफओचीच हुबेहूब प्रत, ती कॉपी करून नाव बदललं की झालं. व्हीओबीचं तसं नाही. आयएफओमध्ये सेक्टरचे (डिस्कवरच्या जागेचे) आकडे असतात, तुकडा गेला की सगळं फिसकटतं.

संशय एवढाच, की फोल्डर डेटा डिस्क म्हणून, सेशन उघडं ठेवून (पुढे आणखी लिहिता येईल असं) लिहिलं गेलं. बर्ननंतरची तपासणी, म्हणजे व्हेरिफाय, पास झालं, पण ते यादीत आलेल्या फाइलीच तपासतं.

इमगबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये यूडीएफ १.०२ अधिक आयएसओ९६६० (डिस्कच्या फाइल सिस्टिम) निवडून, डिस्क फायनलाइझ करून (कायमची बंद करून) ४एक्सला बर्न केलं तर पुरेल का? की आधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवून, ती कॉम्प्युटरवर डिस्कसारखी उघडून (माउंट करून) फाइली मोजाव्यात? सांगलीत कोऱ्या डीव्हीडी-आर आता सहज मिळत नाहीत, दोनच उरल्यात.