मदत हवी आहे: पायथनमध्ये अक्षरांच्या मधे रेघ घालताना मात्रा सुटतात

नमस्कार मंडळी,

आमचं घर वेंगुर्ल्याला. आई अंगणवाडीत शिकवते. मुलांना अक्षरं ओळखता यावीत म्हणून ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर शब्द फोडून लिहिते: ना-र-ळ, हो-डी, बां-ग-डा. यंदा तिची यादी दीडशे शब्दांवर गेली, तेव्हा म्हटलं, पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहून छापूनच देते.

आधी लूप लावून प्रत्येक अक्षरापुढे रेघ जोडली, तर शेवटच्या अक्षरापुढेही एक रेघ लोंबकळत राहिली. मग तुकडे जोडून देणारं जॉइन सापडलं. अवतरणात रेघ, पुढे टिंब, जॉइन आणि कंसात शब्द. रेघ फक्त मधेमधे पडते. फ-ण-स, म-ग-र झकास आले.

पण 'वेंगुर्ला' दिला आणि सगळं विस्कटलं. व वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) सुद्धा वेगळा, आणि प्रत्येक सुट्या चिन्हाला टिंबांचं वर्तुळ चिकटलेलं. लेन (शब्दाची लांबी) विचारलं तर ९ सांगतो. आई तीनच मोजते, आणि तिचंच बरोबर आहे. मला वें-गु-र्ला, र-त्ना-गि-री असं हवंय. चार वर्षांच्या पोरापुढे सुटी वेलांटी ठेवायची नाही. कसं करू?

प्रतिसाद १

ताई, पायथन अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेले, सांकेतिक क्रमांक मोजतो. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. जॉइनची चूक नाही, त्याला तुकडे नीट करून द्यायला हवेत.

रिकामी लिस्ट घ्या आणि शब्दातलं एकेक चिन्ह बघा. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या, चिन्हाचा प्रकार सांगणाऱ्या कॅटेगरी फंक्शनचं उत्तर 'एम'ने (म्हणजे मात्रेसारखं जोडचिन्ह) सुरू झालं, तर ते चिन्ह आधीच्या तुकड्याला चिकटवा. आधीचा तुकडा हलन्तवर संपत असेल तरीही चिकटवा, म्हणजे जोडाक्षर फुटत नाही. एरवी नवा तुकडा. शेवटी ती लिस्ट जॉइनला द्या.

रेजेक्स या पायथनच्या तयार लायब्ररीत अक्षरगट पकडायची सोय आहे, पण तिच्या काही आवृत्त्या हलन्तनंतर तोडतात, 'त्' आणि 'ना' वेगळे पडतात. मुलांसाठी छापायचंय तर फोड करणारा कोड स्वतःच लिहा, दहा ओळींचं काम आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार! वेंगुर्ला, रत्नागिरी, कुणकेश्वर सगळं जमलं. फक्त 'किनाऱ्यावर' अडलंय, त्यातला 'या' तुटून पडतो. हा शब्द आईच्या जुन्या फाईलमधून उचललाय. मी स्वतः टाइप केला तर नीट येतो.

प्रतिसाद २

जुन्या फाईलमध्ये साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडून दाखवायला घातलेलं न दिसणारं चिन्ह, असणार. त्याची कॅटेगरी 'सी'ने सुरू होते. हलन्तमुळे तो तुकड्याला चिकटतो, पण मग तुकडा हलन्तवर संपत नाही आणि य सुटतो. तुम्ही टाइप करता तेव्हा नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ येतो, त्याला जॉइनर लागत नाही. फोड करण्याआधी रिप्लेस वापरून 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला.

धागाकर्ती

झालं! कि-ना-ऱ्या-व-र. आईला दाखवलं, तिने बोट ठेवून पाच मोजले. आता सगळी यादी प्रिंटला लावते.